प्लास्टिक-न्यूट्रल सर्टिफिकेट असूनही पोर्टलवर तूट का?

"भिवंडीच्या गोडाऊनमधून आयात सुकामेवा पाउचमध्ये भरून विकतो, १२ टनांचं प्लास्टिक-न्यूट्रल सर्टिफिकेट घेतलं, तरी ईपीआरमध्ये तूट दिसतेय" हे तुमचं वाचलं आणि लिहायलाच बसलो. (ईपीआर म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिक पॅकिंगच्या विल्हेवाटीची कंपनीवर असलेली कायदेशीर जबाबदारी. प्लास्टिक-न्यूट्रल सर्टिफिकेट म्हणजे तेवढंच प्लास्टिक गोळा केल्याचा खासगी एजन्सीचा कागद.) आमचे पैसे नेमके इथेच अडकले होते.

एजन्सीचा कागद खरा असला तरी ईपीआरच्या हिशोबात त्याची किंमत शून्य. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या प्रोसेसरने (रीसायकलर, सिमेंट भट्टी वगैरे) प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या वजनावर तयार केलेलं आणि तुमच्या खात्यात ट्रान्सफर झालेलं क्रेडिटच धरतात. म्हणून धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये, म्हणजे तिथल्या भंगार-रीसायकलिंगच्या भागात, कितीही नीट निवडलेला माल असला, तरी तो नोंदणीकृत प्रोसेसरच्या काट्यावर जाईपर्यंत तुमच्या खात्यात काही येत नाही.

आता खरी मेख. कडक डबे-बाटल्या कॅटेगरी १. लवचिक प्लास्टिक, थर एक असो की वेगवेगळ्या प्लास्टिकचे अनेक, कॅटेगरी २. प्लास्टिकसोबत कागद किंवा फॉइलसारखा दुसरा थर असेल तर ३. एका कॅटेगरीचं क्रेडिट दुसरीत चालत नाही. आम्ही 'मल्टीलेयर' हा शब्द ऐकून सगळे पाउच ३ मध्ये टाकले. पीईटी-पीई लॅमिनेटला (दोन प्लास्टिक फिल्म चिकटवून केलेल्या पाउचला) थर दोन असतात, पण दोन्ही प्लास्टिकचेच, म्हणजे कॅटेगरी २. मग ३ चं क्रेडिट पडून आणि २ मध्ये खड्डा. दुरुस्तीसाठी एका कार्यालयाला लिहिलं, तर दर वेळी एकच ओळ: "मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत." तोवर वार्षिक रिटर्नची ३० जूनची मुदत उलटली. त्या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही.

चकाकी बघून कॅटेगरी ठरवू नका. पाउचची पट्टी कापून नखाने घडी घाला. ॲल्युमिनियम फॉइल असेल तर घडी तशीच राहते, मेटलाइज्ड फिल्म (धातूचा अगदी पातळ मुलामा दिलेलं प्लास्टिक) बरीचशी उलगडते. मोबाइलच्या टॉर्चवर धरा, मेटलाइज्डमधून बहुधा थोडा उजेड येतो. हा फक्त अंदाज. पाउचवाल्याकडून प्रत्येक थर आणि त्याची मायक्रॉनमधली जाडी लेखी घ्याच.

वजनही मोजून घ्या. १०० रिकामे पाउच झिपसकट काट्यावर ठेवून सरासरी काढा. ५.८ ग्रॅमचे २० लाख पाउच म्हणजे ११.६ टन. तुमचे १२ टन बहुधा असेच आले असतील, पण त्यात पॅलेटची स्ट्रेच फिल्म, बबल रॅप आणि आयात खोक्यांतलं आतलं प्लास्टिक धरलंय का? आयातदाराला तेही लागू होतं.

क्रेडिट घेताना प्रकार बघा. २०२५-२६ साठी कॅटेगरी १ मध्ये किमान ६० टक्के, २ आणि ३ मध्ये किमान ४० टक्के रीसायकलिंगचंच हवं. सगळं सिमेंट भट्टीचं (प्लास्टिक इंधन म्हणून जाळल्याचं) स्वस्त क्रेडिट उचललंत तर पुन्हा अडकाल. रीसायकलरची मंजूर क्षमता, वीजबिल आणि काटा पावत्या एकमेकांशी ताडून पाहा. २०२३ मध्ये काही रीसायकलरनी लाखोंनी खोटी सर्टिफिकेटं काढल्याचं मंडळाच्या तपासणीत उघड झालं होतं.

माझं स्पष्ट मत: कायद्याच्या वर स्वखुशीने ऑफसेट, म्हणजे आपल्या प्लास्टिकच्या बदल्यात दुसरीकडचं प्लास्टिक उचलायला पैसे द्यायचेच असतील तर पैसा पाउच वेचण्यावर लावा. बाटलीला भाव मिळतो म्हणून ती रस्त्यावर फार काळ राहत नाही. पाउचचा भाव मेहनतीला पुरत नाही, म्हणून वेचणाऱ्या बायका ते सोडून देतात आणि पावसाळ्यात तेच नाल्यात अडकतात.

मी वकील नाही आणि हे नियम सारखे बदलतात, ताजी अधिसूचना बघूनच पैसे भरा. पण ईपीआरच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुटीसाठी भरलेली पर्यावरण भरपाई, तूट एका वर्षात भरून काढली तर ७५ टक्के परत मिळते, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ४०. त्यामुळे आधी कॅटेगरी २ चं क्रेडिट घ्या. तुमच्या खात्यात आमच्यासारखं ३ चं जास्तीचं काही पडलं असेल, तर ते पुढच्या वर्षी ओढता येतं किंवा त्याच कॅटेगरीत कमी पडणाऱ्या कंपनीला विकता येतं.