आई-वडिलांसाठी छोटी पण भरवशाची एसयूव्ही घ्यायची आहे. कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की वडील अडुसष्ट वर्षांचे, आई चौसष्ट वर्षांची, दोघं तालुक्याच्या गावी राहतात. जुनी हॅचबॅक काढायची आहे, वडील स्वतः चालवतात, आईचे गुडघे दुखतात, सगळं धरून चौदा लाखांपर्यंत जायची तयारी आहे. तुम्ही बंगळुरात असल्यामुळे गाडी बंद पडली तर लगेच धावून जाता येणार नाही, ही खरी काळजी. दोन वर्षांपूर्वी मी याच जागी होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आई-बाबा कराडला असतात, मी पुण्यात. आमचं मूळ गाव चिपळूणच्या पुढे, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. मी महिनाभर रात्री जागून व्हिडिओ बघितले, तक्ते केले आणि पुण्यात एका शोरूममध्ये टोकन भरून मोकळा झालो. मग दोघांना गाडी दाखवायला बोलावलं. आईने उजवा पाय आत टाकला, वाकली, डोकं दाराच्या वरच्या कडेला लागलं, मग दाराला धरून कशीबशी आत सरकली. म्हणाली, "छान आहे रे." बाहेर येताना मात्र तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट पकडली होती आणि बोटं पांढरी पडली होती. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बुकिंग रद्द केलं. टोकनचे पैसे परत मिळायला अडीच महिने आणि कितीतरी फोन लागले. तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो: दोघं प्रत्यक्ष बसून बघेपर्यंत एक रुपयाही भरू नका.

मॉडेलची नावं नंतर बघू, आधी उंची. आई घरी दिवाणावरून सहज उठते, म्हणून मी तिच्याच शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन दिवाण मोजला. बावीस इंच भरला. जुन्या गाडीची सीट जमिनीपासून वीस इंचांच्या आतच होती, म्हणजे दर वेळी ती खाली बसत होती आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येत होता. मग तीच टेप घेऊन आम्ही शोरूमं फिरलो. चोवीस-पंचवीस इंचांवर ती नुसती मागे टेकून, पाय वळवून आत जात होती. त्याहून उंच गाडी असली की चढावं लागायचं, तोही त्रासच. सीट बसणाऱ्याच्या कमरेच्या जरा खाली यावी, हे माप प्रत्येक माणसाचं वेगळं. तुमच्या आईचं तुम्हीच मोजा.

उंबरा म्हणजे दाराखालची पट्टी किती रुंद आहे तेही बघा. पाय उचलून तो ओलांडावा लागतो, आणि पावसात चिखल लागलेला असला तर साडीला तो लागतोच. शोरूमवाले फूटस्टेप लावून देतो म्हणतील. छोट्या एसयूव्हीला मी तरी लावू नका म्हणेन, कारण पायरीचा उपयोग कमी आणि पाय आणखी लांब टाकावा लागतो. त्यापेक्षा वर धरायला हँडल आहे का ते बघा. आणि एकदा बसून उठणं पुरत नाही. आईला पाच वेळा चढ-उतार करायला लावा, पुढच्या सीटवर आणि मागच्याही. पाचव्या वेळी चेहरा काय सांगतो ते महत्त्वाचं, कारण आपल्या आया पहिल्या वेळी नेहमी "छान आहे"च म्हणतात.

आता गिअरबॉक्स. तुम्ही विचारलंय, ऑटोमॅटिक घ्यावी का? माझ्या मते घ्यावी. वडिलांच्या डाव्या गुडघ्यासाठी बाजारपेठेतल्या गर्दीत क्लच नसणं हीच मोठी सोय आहे. पण "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण गिअर बदलताना झटका देतो. टाटा पंच आणि ह्युंदाई एक्स्टरमध्ये ऑटोमॅटिक म्हणून हाच मिळतो, मारुती फ्रॉन्क्सच्या १.२ लिटर इंजिनलाही हाच. ह्युंदाई वेन्यू आणि किया सोनेटच्या टर्बो (हवा दाबून भरून जास्त जोर देणाऱ्या) पेट्रोल इंजिनला ड्युअल क्लच, म्हणजे आलटूनपालटून काम करणारे दोन क्लच असलेला गिअरबॉक्स आहे. चालवायला झकास, पण चढावर मुंगीच्या चालीने सरकत राहायची वेळ आली की तो तापू शकतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, हा सगळ्यात जुना, मऊ आणि सोशिक प्रकार. मारुती ब्रेझा, महिंद्रा थ्रीएक्सओ, स्कोडा कायलॅक आणि फ्रॉन्क्सच्या टर्बोला तो सहा गिअरचा मिळतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा प्रकार, निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरमध्ये आहे, गावात गुळगुळीत चालतो. वय झालेल्या माणसासाठी, घाटाचा रस्ता असेल तर, मी टॉर्क कन्व्हर्टरलाच पहिलं मत देईन. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी दोन सेकंद धरून ठेवणारी हिल होल्डची सोय मात्र कुठल्याही गिअरबॉक्सबरोबर हवीच.

इंधनाचं पटकन सांगतो. डिझेल नको. बीएस-सहा (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते आणि ती जळून साफ व्हायला गाडी थोडा वेळ सलग वेगात चालावी लागते. मंडई, दवाखाना, बँक आणि परत घर, असं रोजचं तीन-चार किलोमीटरचं चालणं असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि वडील घाबरतात. शिवाय दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १३. सीएनजीचा खर्च कमी, हे खरं. पण भरताना सगळ्यांना खाली उतरून उभं राहावं लागतं, पंपावर रांग असते आणि डिकीत सिलिंडर. दुखऱ्या गुडघ्यांची आई उन्हात पंपावर उभी राहणार, हे मला नको होतं. घराच्या आवारात स्वतःचा चार्जिंगचा प्लग असेल आणि पल्ला गावापुरता असेल तर इलेक्ट्रिकचा विचार जरूर करा. आमचा घाट आणि गाव यामुळे आम्ही तिकडे गेलो नाही.

"भरवशाची" हा तुमचा मुख्य शब्द. तुम्ही बंगळुरात आणि ते तालुक्याला, मग भरवसा म्हणजे इंजिनाइतकाच वर्कशॉपचा. त्यांच्या गावापासून अर्ध्या तासात त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप आहे का, हे आधी विचारा. तिथे जाऊन दोन गिऱ्हाइकांशी बोला, सुटे भाग किती दिवसांत येतात ते त्यांच्याकडूनच कळेल. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल किंवा नवं इंजिन पहिल्या वर्षी वडिलांसाठी घेऊ नका, सुरुवातीचे दोष दुसऱ्यांना भोगू द्या. सर्व्हिसचं जाळं मारुतीचं सर्वांत मोठं, म्हणून आम्ही शेवटी ब्रेझा ऑटोमॅटिक घेतली. १४६२ सीसीचं बिनटर्बोचं इंजिन फार चपळ नाही. कराड गावात बारा-तेराच्या पुढे सरासरी जात नाही. पण दोन वर्षांत वर्कशॉपला ठरलेल्या सर्व्हिसशिवाय जावं लागलेलं नाही, आणि बाबांचा जुना फिटरही बॉनेट उघडून "हे मला येतं" म्हणाला.

ब्रेझाची एक बाजू तुम्हाला आज तोट्याची जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत आली, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांत. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन ही मर्यादा ओलांडतं. त्यामुळे आज घेत असतो तर थ्रीएक्सओ आणि कायलॅकसुद्धा टेप घेऊन मोजल्याच असत्या. दोघींना भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटून सुरक्षितता बघणाऱ्या चाचणीत पाच तारे आहेत, दोघींना टॉर्क कन्व्हर्टर आहे. टाटा नेक्सॉनही पाच ताऱ्यांची, २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेच्या तशाच चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. पण तिच्या नव्या रूपात एसीची बटणं स्पर्शाची आहेत, कायलॅकच्याही वरच्या मॉडेलांमध्ये तसंच. बाबांना चालता चालता न बघता हात लावून कळेल असं गोल बटण हवं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने एसी कमी करायला स्क्रीनकडे बघावं, हे मला पटत नाही.

सेल्समन सनरूफवाल्या टॉप मॉडेलवर ओढत राहील. आमच्याकडे तर एकाने "काकू, नातवंडं खूश होतील" म्हणून आईलाच पटवलं होतं. त्या पैशांत वाढीव वॉरंटी आणि झिरो डेप विमा (सुट्या भागांच्या भरपाईत घसारा न कापणारा) घ्या. मागचा कॅमेरा आणि सेन्सर मात्र हवेतच, कारण या वयात मान पूर्ण वळत नाही.

आता जे कोणी सांगत नाही आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ते. वडिलांनी चाळीस वर्षं डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालवली आहे. ऑटोमॅटिकमध्ये तो पाय सवयीने जोरात खाली जातो आणि तिथे ब्रेक असतो. पहिल्याच दिवशी बाबांनी अंगणातून बाहेर पडताना असा ब्रेक मारला की आईची पिशवी पुढे जाऊन पडली. त्याहून वाईट म्हणजे घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं. म्हणून तीन रविवार मी कराडला राहिलो. पहाटे मोकळ्या पटांगणात फक्त एवढंच केलं: डावा पाय मागे सीटखाली ओढून ठेवायचा, उजवी टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीला टेकवायची आणि तिथूनच पंजा इकडे-तिकडे फिरवायचा. गाडी सुरू करताना, डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकताना, पाय ब्रेकवर. थांबल्यावर पाय ब्रेकवरच ठेवून आधी हँडब्रेक, मग पी (पार्किंग), मग इंजिन बंद. कंटाळा येईपर्यंत हेच. चौथ्या आठवड्यात बाबा स्वतःहून म्हणाले, "आता पाय शोधावा लागत नाही."

घाट उतरतानाचंही एकदा बरोबर बसून दाखवा. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये उतरवली की बहुतेक जण ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतात, ब्रेक तापतात आणि वास यायला लागतो. मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसऱ्या गिअरवर आणलं की इंजिनच गाडी धरून ठेवतं. कोयनानगर सोडून पोफळीकडे उतरताना बाबांना ते पहिल्यांदा जाणवलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी मला पुन्हा एकदा समजावून सांगायला लावलं. पावसाळ्यात तिथे धुकं असतं, तेव्हा ही सवय फार कामी येते.

लायसन्सची तारीखही आत्ताच बघून घ्या. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचं मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. त्या निमित्ताने डोळे तपासून होतात. हे वडिलांना सांगताना मात्र जपून. "तुम्हाला आता झेपत नाही म्हणून नवी गाडी" असा सूर कुठेही लागता कामा नये. मी बाबांना विचारलं, "घाटात तुम्हाला कसली गाडी आवडेल?" आणि मग तेच माझ्यापेक्षा जास्त शोरूम फिरले. रंगही त्यांनीच ठरवला, मला तो आवडला नव्हता.

डिलिव्हरीआधी चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, जुना साठा लगेच कळतो. स्टेपनी बदलणं या वयात त्यांच्याकडून होणार नाही, तेव्हा हवा भरायचा छोटा पंप डिकीत ठेवा आणि कंपनीच्या रोडसाइड मदतीचा नंबर आईच्या फोनमध्ये "गाडी बंद" या नावाने सेव्ह करून द्या, एकदा तिच्याकडूनच लावून घ्या. तुमच्या आई-वडिलांच्या गावाजवळ कोणती वर्कशॉपं आहेत आणि आईच्या दिवाणाची उंची किती, एवढं कळवलंत तर नेमकी दोन नावं सांगतो.