फॅट-३२ ची डिस्क फॉरमॅट न मारता एनटीएफएस करावी का?

एका भाऊंनी विचारलंय: मोठी फाइल डिस्कवर जात नाही, डिस्क खराब झाली का, आणि आतला डेटा न पुसता ती फॅट-३२ ची एनटीएफएस करता येईल का? भाऊ, तुमची डिस्क खराब झालेली नाही, दुकानात न्यायची गरज नाही. १ टीबीच्या डिस्कवर ६०० जीबी मोकळी असूनही लग्नाच्या व्हिडिओची ७ जीबीची फाइल 'खूप मोठी आहे' म्हणून परत येते, त्याचा जागेशी काही संबंध नाही. डिस्क फॅट-३२ आहे, म्हणजे तिच्यावर फायली मांडायची आणि नोंदवायची पद्धत जुनी आहे. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना असतो आणि त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. वहीत रकमेचा रकाना चारच आकडी आखलेला असेल तर रावेरच्या केळीच्या ट्रकचा हिशेब त्यात कसा लिहिणार? तसंच. फॅट-३२ आली १९९६ मध्ये. तेव्हा दोन जीबीची हार्ड डिस्क असलेला माणूस शेठ वाटायचा, ४ जीबीची एक फाइल कुणाच्या डोक्यातही नव्हती.

आता तुमचा खरा प्रश्न: आतला डेटा तसाच ठेवून एनटीएफएस (विंडोजचीच दुसरी पद्धत, तिथे ४ जीबीची अडचण नाही) होते का? होते. विंडोजमध्ये त्यासाठी 'कन्व्हर्ट' ही कमांड आहेच, कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची ती काळी खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी सीएचकेडीएसके चालवून (ड्राइव्हचं अक्षर, कोलन, मग स्लॅश एफ) डिस्कच्या चुका दुरुस्त करून घ्या. मग कन्व्हर्ट, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, एक स्पेस, स्लॅश एफएस, कोलन, एनटीएफएस. ड्राइव्हला नाव दिलेलं असेल तर ते विचारेल, जसं आहे तसंच टाईप करा. डिस्कवर थोडी जागा मोकळी लागते, ती तुमच्याकडे भरपूर आहे. मात्र हा रस्ता एकेरी आहे. एनटीएफएसवरून परत फॅट-३२ वर यायचं तर फॉरमॅटच मारावा लागतो.

तरी बॅकअप घेतल्याशिवाय ती कमांड चालवू नका. हे मी अनुभवाने सांगतोय. मे महिना, भुसावळचं ऊन, दुपारी तीनची वेळ, आणि मी मावसभावाच्या हळदीचे फोटो असलेली डिस्क कन्व्हर्टला लावली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. लाईट गेली, यूपीएसने दोनदा पीं पीं केलं आणि सगळं अंधारात. परत चालू केल्यावर ड्राइव्ह 'रॉ' दिसायला लागला, म्हणजे आतली मांडणीच विंडोजला ओळखता येईना. फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने बहुतेक फोटो परत मिळाले, पण फायलींची नावं गेली होती. हजारो फोटोंना नुसते आकडे. हळद कुठली आणि वरात कुठली हे लावण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, आणि मावशी अजून विचारते, 'काय भो, माझा तो नथीचा फोटो सापडला का?'

सगळ्यांच्या बाबतीत असं होतं असं नाही, कन्व्हर्ट बहुतेक वेळा बिनबोभाट पार पडतं. पण आपल्याकडे लोडशेडिंग आहे. म्हणून तुमचा ४०० जीबी डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. यूएसबी २.० चं पोर्ट असेल तर चारेक तास धरा, ३.० असेल तर तासा-दीड तासात होईल. आणि दुसरी प्रत हातात आलीच आहे तर कन्व्हर्टच्या भानगडीत पडताच कशाला? सरळ नव्याने फॉरमॅट मारून डेटा परत टाका. मी तेच करतो.

फॉरमॅट कुठला? डिस्क फक्त विंडोजच्या पीसीला लागत असेल तर एनटीएफएस. ती आपले बदल आधी नोंदवहीत टिपते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी डिस्कची मांडणी सहसा शाबूत राहते. अर्धवट कॉपी झालेली फाइलही ती वाचवते, हा मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो; ती वाचत नाही. पुतणीचा मॅकबुक आहे म्हणालात, तर अडचण अशी की मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. दोन्हीकडे लिहायचं असेल तर एक्सफॅट, ही दोघांनाही चालणारी तिसरी पद्धत. त्यात ४ जीबीची अडचण नाही, पण नोंदवहीही नाही, म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल ओढायची नाही म्हणजे नाही. फॅट-३२ वरून एक्सफॅटवर कन्व्हर्ट होत नाही, तिथे फॉरमॅटच.

जुन्या टीव्हीसाठी किंवा गाडीतल्या स्टिरिओसाठी ही मोठी डिस्क फॅट-३२ ठेवत बसू नका. १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह त्यासाठी वेगळा फॅट-३२ करून ठेवा. आणि डेटा परत टाकून झाला की दुसऱ्या डिस्कवरचा लगेच पुसू नका. आधी तो ७ जीबीचा व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवून बघा.