गोळीचा हिशोब

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा सीमेवर जवान आहे. परवा वाचनालयात फेलानी नावाच्या बांगलादेशी मुलीबद्दल वाचलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझी नात तिच्याच वयाची. अशा माणसांनी न्याय कुठं मागायचा? घरी विषय काढला तर मालक म्हणाले, "आपलं पोरगं तिथं उभं असताना तू हे काय बोलतेस?"
— एक आई, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : आई, तुमची झोप उडाली यात काही चूक नाही. 7 जानेवारी 2011 ची पहाट. पंधरा वर्षांची फेलानी वडिलांबरोबर भारतातून आपल्या गावी निघाली होती, तिचं लग्न ठरलं होतं. वडील कुंपणावरून पलीकडे उतरले. हिचा कपडा काटेरी तारेत अडकला, ती घाबरून ओरडली आणि सीमा सुरक्षा दलाच्या जवानाची गोळी लागली. देह काही तास तसाच तारेवर उलटा लोंबकळत होता. चोरून सीमा ओलांडणं गुन्हा आहे, मान्य. त्याला अटक आहे, खटला आहे. तारेत अडकलेल्या नि:शस्त्र पोरीला गोळी घालायची मुभा कुठल्याच कायद्यात नाही.

खटला चालला तो कूचबिहारला, सीमा सुरक्षा दलाच्या स्वतःच्या न्यायालयात. वडील सीमेपलीकडून साक्षीला आले. सप्टेंबर 2013 मध्ये जवान निर्दोष सुटला. फेरविचार झाला, जुलै 2015 मध्ये पुन्हा तेच. आरोपी दलाचा आणि निवाडा करणारेही दलाचेच. खरं दुखणं इथं आहे. सीमा सुरक्षा दलाच्या 1968 च्या कायद्याचं कलम 47 म्हणतं की नागरिकाचा खून किंवा बलात्कार दलाच्या न्यायालयात चालवायचा नाही. पण 'सक्रिय सेवेत' असताना घडला तर चालतो. आणि सीमेवरची गस्त व्याख्येनंच सक्रिय सेवा ठरते! म्हणजे जिथं नियमाची गरज, तिथंच तो निसटतो. असे खटले साध्या फौजदारी न्यायालयात, उघड्यावर चालावेत, असं माझं ठाम मत आहे.

तोवर जे हाती आहे ते सांगते. सीमेवर कुणाला मारहाण झाली, तर पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद ताब्यात घ्यायचा. वळ चार दिवसांत जातात. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तिथंही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, मराठीतही चालतो, पीडितासाठी दुसऱ्या कुणी केला तरी चालतो. मात्र सशस्त्र दलांच्या बाबतीत आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, एवढंच. फेलानीच्या घरच्यांना पाच लाख द्यावेत, अशी शिफारस त्यानं केली होती.

ती आपल्या देशाची नव्हती, असंही कुणी म्हणेल. जगण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे, 'नागरिक' नव्हे. कोलकात्याजवळ हावड्यात अत्याचार झालेल्या एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली हेच सांगून दहा लाखांची भरपाई कायम केली.

आता मालकांविषयी. माझे वडील सुभेदार होते. गस्तीवरून परतल्यावर एकेका काडतुसाचा हिशोब द्यावा लागतो, हे मी लहानपणापासून त्यांच्याकडून ऐकत आले. फेलानीचे वडील त्यातल्या एकाच गोळीचा हिशोब मागत होते. मालकांना हे वाचून दाखवा. मुलगा सुट्टीवर आला की त्यालाही.