वाचकांचे प्रश्न : वाढत्या वयाच्या मुलीसाठी गिअरची सायकल

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची असून तिची उंची १४० सेंटिमीटर आहे. शाळा ४ किलोमीटरवर असून वाटेत लांब चढ लागतो, म्हणून तिला गिअरची सायकल घेण्याचा विचार आहे. १२ हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दुकानदार २६ इंची, २१ गिअरची, पुढे-मागे शॉकर आणि डिस्क ब्रेक असलेली सायकल सुचवतात. मुलगी वाढेल तशी ती पुरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. धाकटा मुलगा ८ वर्षांचा आहे. काय घ्यावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला फ्रॉक टाके घालून वापरता येतो, सायकलीला टाके घालता येत नाहीत. मोठ्या सायकलीवर मुलीला अचानक थांबावे लागले, तर पाय नीट टेकत नाही आणि हँडलपर्यंत वाकून हात पुरवावा लागतो. २६ इंच हे केवळ चाकाचे माप आहे, फ्रेमचे माप वेगळे असते. त्यामुळे मुलीला दुकानात सोबत न्यावे आणि सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभे राहायला सांगावे. दांडी आणि शरीर यांत तीन-चार सेंटिमीटर तरी अंतर उरले पाहिजे. १३-१४ इंची फ्रेमची २६ इंची सायकल या कसोटीला उतरली, तर ती घेण्यास हरकत नाही. मात्र १४० सेंटिमीटर उंचीला २४ इंची सायकल अधिक नेमकी बसते. या वयात मुलींची उंची वर्षाला ६ ते ८ सेंटिमीटरने वाढू शकते, म्हणजे दीड-दोन वर्षांत ती लहान पडेल हे खरे. पण तेव्हा ती धाकट्याच्या मापाची झालेली असेल. आपल्या घरी पैसे वसूल होतात ते असे, त्यामुळे रंग निवडताना त्यालाही विचारलेले बरे.

गिअरच्या संख्येला भुलू नये. २१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ दातेरी चकत्या. त्यांतील बऱ्याच जोड्या जवळपास सारख्याच पडतात. चढावर उपयोगी पडते ती पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती. या दोन्हींचे दाते सारखे असतील, उदाहरणार्थ ३४ आणि ३४, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि चढ बसल्या बसल्या निघतो. पुढे एकच आणि मागे ७ चकत्यांची अशी सायकल मिळाली, तर तीच घ्यावी. मुलांना एकच खटका सांभाळावा लागतो आणि बिघाडही कमी होतो.

या किमतीतील शॉकरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते घेऊ नयेत. त्यांतील स्प्रिंग पस्तीस किलोच्या मुलीच्या वजनाने फारशी दबत नाही, उलट सायकलीचे वजन वाढते आणि ते तिलाच चढावर ओढावे लागते. मागचा शॉकर असला, तर दप्तरासाठी करिअर बसवणेही अवघड होते. तेवढ्याच पैशांत साधा, बिनशॉकरचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मिळते का, ते पाहावे. दुकानात काटा असेल तर सायकल त्यावर टांगून वजन बघावे. काही दुकानदार हसतात, हसू द्यावे.

डिस्क ब्रेक वाईट नाहीत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. रिमवर दाबणारे ब्रेक चांगले काम देतात. रिम मात्र अ‍ॅल्युमिनियमची असावी, कारण पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर रबर घसरते आणि शाळेकडे जाताना जो चढ असतो, तो परतताना उतार असतो. ब्रेकचा लिव्हर मुलीच्या बोटांच्या टप्प्यात येतो का, हेही पाहावे. बऱ्याच लिव्हरना तो जवळ घेण्यासाठी छोटा स्क्रू असतो.

मडगार्ड, स्टँड, कुलूप, दिवा आणि हेल्मेट यांसाठी दीड-दोन हजार रुपये बाजूला ठेवावेत. सीट उंच करताना तिच्या दांड्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नये. गिअरच्या नव्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि गिअर अडखळू लागतात. हा दोष नसतो, तेव्हा महिनाभराने दुकानातून तारा ताणून घ्याव्यात आणि ही सेवा मोफत आहे का, हे खरेदीच्या वेळीच ठरवून घ्यावे.