खेळांमधून मुलांना प्रोग्रॅमिंग खरोखर शिकवता येते का?

होय, येते, मात्र मूल खेळात रमले म्हणजे ते शिकले, असे समजू नये. आज्ञांचे ठोकळे जुळवून पात्राला मुक्कामी पोहोचवण्याचे खेळ अंदाजपंचे प्रयत्न करूनही जिंकता येतात, म्हणून ‘चालव’चे बटण दाबण्याआधी पात्र कुठे थांबेल ते मुलाला सांगायला लावावे.

संगणकाशिवायही सुरुवात करता येते. १ ते १०० मधली मनात धरलेली संख्या ओळखायची आणि प्रत्येक अंदाजावर ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढेच उत्तर मिळणार, हा खेळ घ्या. दर वेळी उरलेल्यांपैकी मधली संख्या विचारली की निम्म्या शक्यता बाद होतात आणि जास्तीत जास्त ७ अंदाजांत संख्या सापडते, हे मुलाला स्वतःला उमगू द्यावे. बायनरी सर्च हे नाव नंतर सांगितले तरी चालते. मग १००० पर्यंतच्या संख्यांसाठी किती अंदाज लागतील ते विचारावे. उत्तर ७० नसून १० आहे, हे कळल्यावर होणारा आनंद खरोखर पाहण्यासारखा असतो.

माझ्या मते खेळण्यापेक्षा खेळ तयार करण्यातून अधिक शिकता येते. त्यासाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुली केलेली स्क्रॅच ही ठोकळे जुळवून प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा मोफत उपलब्ध आहे. समजा, मुलाच्या खेळात चेंडूला स्पर्श झाल्यास एक गुण द्यायचा आहे, पण गुण एकदम वीस-पंचवीसने वाढतात, कारण स्पर्श टिकून असेपर्यंत लूप, म्हणजे त्याच आज्ञा परत परत चालवणारा भाग, पुन्हा पुन्हा तीच अट तपासत राहतो. अशा वेळी चूक आपण दुरुस्त करून न देता, संगणक या क्षणी नेमके काय करत आहे, ते मुलाकडून पायरीपायरीने वदवून घ्यावे.