केंद्र अर्धवट सोडून येण्याविषयी : आमच्याकडून राहून गेलेला एक रकाना

ताई, तुमचे यजमान दहाव्या दिवशी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आले, आल्यावर तीन दिवस त्यांनी दारूला हात लावला नाही, आणि कारण विचारले की ‘तिथली माणसे चांगली आहेत, पण मला राहवत नव्हते’ एवढेच ते सांगतात, हे वाचून मला सहा वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवले. माझा थोरला भाऊ नागपूरजवळच्या एका केंद्रातून सातव्या दिवशी परत आला होता आणि त्यानेही जवळपास हेच उत्तर दिले होते. मी डॉक्टर नाही. जे लिहितो आहे ते एका घराच्या अनुभवावरून आणि नंतर डॉक्टरांना विचारून समजून घेतलेले आहे. व्यसन हा आजार आहे वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून थेट मुद्द्यावर येतो.

दाखल करताना भरायच्या फॉर्मवर ‘इतर व्यसने’ असा एक रकाना होता आणि त्यात मी ‘नाही’ असे लिहिले. लपवायचे म्हणून नव्हे, मला काही सुचलेच नाही. त्या रकान्यात गांजा, झोपेच्या गोळ्या, ब्राउन शुगर असले काही लिहायचे असते, अशी माझी समजूत होती. दादा दिवसाला दहा-बारा पुड्या खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले मिश्रण) खात होता, सकाळची पहिली पुडी शौचाला जाण्याआधीची. पण आमचे वडील खर्रा खात होते, सोबत आलेल्या मामांच्या खिशात पन्नीत बांधलेला खर्रा होता, आणि तो फॉर्म भरताना माझ्या स्वतःच्या गालातही खर्राच होता. ज्या गावात दर चौकाला पानठेला आहे, तिथे याला व्यसन कोण म्हणतो?

केंद्रात तंबाखूला पूर्ण बंदी होती. पिशवी तपासताना पन्नी सापडली ती फेकून दिली आणि विषय तिथेच संपला. दारूसाठी जे करायला हवे ते सर्व त्यांनी केले. टप्प्याटप्प्याने कमी करत नेलेल्या गोळ्या दिल्या, थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने दिली, रक्तदाब वेळोवेळी पाहिला, आणि पाचव्या दिवसापर्यंत दादाच्या हातांची थरथर थांबली. तंबाखूसाठी मात्र काहीच नव्हते, कारण आमच्याच लिखाणाप्रमाणे तो तंबाखू खात नव्हता. तंबाखू तुटल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, एका जागी बसवत नाही अशी अवस्था, बद्धकोष्ठता हे सारे पहिल्याच दिवसापासून सुरू होते, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त जाणवते आणि तीन-चार आठवडे रेंगाळू शकते. यांतली बरीच लक्षणे दारू तुटल्यावरही दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळे दारूचेच वाटते. ‘रुग्ण चिडचिडा, गटचर्चेत बसत नाही, सहकार्य करत नाही’ अशी नोंद त्याच्या कागदांवर मी नंतर वाचली. चार दिवस त्याचे पोट साफ झाले नव्हते आणि हे त्याने लाजेपोटी कोणालाही सांगितले नव्हते.

सातव्या दिवशी फोनवर बोलू दिले तेव्हा तो आईजवळ रडला. दुसऱ्या दिवशी पोळा होता. सणाला मुलगा घरात नाही हे आईला आधीच लागले होते, त्यात हे रडणे, म्हणून ‘आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन ये’ असे तिने मला सांगितले. मी गेलो, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहिलेल्या कागदावर सही केली आणि त्याला गाडीत बसवले. वर्धा रोडवर त्याने गाडी थांबवायला सांगितली. आता हा बारमध्ये शिरणार म्हणून मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. तो पानठेल्यावर गेला. ठेलेवाला खर्रा घोटत होता तेवढाही वेळ त्याला निघेना, म्हणून त्याने आधी सुटी सुपारीच तोंडात टाकली. ताई, सगळे डोळ्यांसमोर घडत असताना मला त्यातले काहीही कळले नाही, उलट हायसे वाटले. खर्राच ना, खाऊ दे, असे म्हणून मी गाडी सुरू केली.

नवव्या दिवशी दारू पुन्हा सुरू झाली आणि आठ महिने चालली. त्या आठ महिन्यांत त्याचे दुकान गेले. केंद्राचा धसका घेतलेला असल्यामुळे त्याने एकदा घरीच, कोणाला न सांगता, दारू एकदम बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला फिटचा (आकडीचा) झटका आला. नियमित पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत असा झटका येऊ शकतो, आणि दारू तुटण्याच्या अशा फेऱ्या जितक्या जास्त होतात तितका पुढच्या वेळचा धोका वाढतो. म्हणून तुमच्याकडे पिणे पुन्हा सुरू झालेच, तर घरच्या घरी शपथ घालून ते बंद करवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितले. जिथे तीन बोटे आडवी सहज मावायला हवीत तिथे जेमतेम दोनच गेली. ‘खर्रा किती?’ हा प्रश्न त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कोणी तरी सरळ विचारला. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होत गेली होती आणि जबडा नीट उघडत नव्हता, म्हणून निकोटिनच्या च्युइंगमऐवजी त्यांनी चिकटवायची पट्टी दिली. सुपारीची तल्लफ त्या पट्टीने भागत नाही, ती स्वतंत्र सवय असते, हेही त्यांनीच सांगितले. दुसऱ्या केंद्रात दाखल करताना मी त्याच रकान्यात पुड्यांची संख्या, पहिल्या पुडीची वेळ आणि पट्टीचे नाव असे सर्व लिहिले, आणि सोबत भाजलेली जवस व बडीशेप दिली. दादा पूर्ण मुदत राहिला. केवळ पट्टीमुळे राहिला असा माझा दावा नाही. झटक्याने तो घाबरलाही होता.

सोडून येण्याची इतर कारणे असतातच. पहिले तीन-चार दिवस शरीराचे हाल होतात म्हणून लोक येतात, दुसऱ्या आठवड्यात अन्न गोड लागू लागते आणि ‘मी आता बरा झालो’ म्हणून येतात, गाडीचा हप्ता थकला म्हणून येतात, आणि सोनोग्राफीला नेतो असे सांगून ज्यांना दाखल केलेले असते ते संधी मिळताच येतात. यांपैकी हप्त्याचा प्रश्न नातेवाईक सहज सोडवू शकतात, पण सल्ले द्यायला येणारी मंडळी नेमक्या त्याच वेळी दिसत नाहीत.

याच मंडळींपैकी कोणी तरी तुम्हाला ‘डांबून ठेवणारे केंद्र शोधा’ असे सांगेल. मला ते पटत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने घरी सोडा म्हटले, तर तपासणीसाठी डॉक्टर त्याला फार तर चोवीस तास थांबवू शकतात, आणि साखळीने बांधणे तर कोणाच्याही बाबतीत सरळ बेकायदा आहे. सक्तीची गरज खरोखर भासलीच, तर कायद्यात त्याची वेगळी पद्धत आहे, ती मानसोपचारतज्ज्ञांकडून समजून घ्या. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ब्राउन शुगरसाठी दाखल केलेला माणूस ज्यांच्या घरी असा मधूनच परत आला असेल, त्यांनी अधिक सावध राहावे. काही दिवसांच्या खंडाने शरीराची सवय उतरलेली असते आणि पूर्वीच्याच मात्रेने जीव जाऊ शकतो.

आता तुमच्याविषयी. आधी त्याच केंद्राला फोन करून परत घेतील का ते विचारा, सहसा घेतात. यजमानांना ‘का आलात’ असे विचारू नका, ‘राहवत नव्हते’ म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी, ते विचारा. दादाला विचारले असते तर त्याने सकाळ सांगितली असती. दादाची दारू सुटून आता पाच वर्षे झाली. खर्रा अजून पूर्ण सुटलेला नाही, दिवसाला एक पुडी चालू आहे. माझी तर त्याहून जास्त आहे.

तुमच्या लिहिण्यात खर्र्याचा, तंबाखूचा किंवा बिडीचा उल्लेख नाही. यजमान खात असतील तर किती, आणि फॉर्मवर तुम्ही काय लिहिले होते, तेवढे आधी कळवा.