पायथनमध्ये 'आकडा ओळखा' हा पहिलाच प्रोग्राम लिहिलाय. मित्र नुसतं 'छान' म्हणतात. काय सुधारू? बटणं, रंग, क्लास वगैरे घालू का?

तुमचा कोड चालवून पाहिला. १ ते १०० मधला आकडा, सात संधी, 'मोठा' की 'लहान' असा इशारा, शेवटी 'पुन्हा खेळायचं का?' मित्र खोटं बोलत नाहीत, खेळ चालतो. चलांना देवनागरीत नावं दिलीत तेही आवडलं. 'गुप्त_आकडा' वाचलं की कळतं.

पण तुमचे मित्र शहाण्यासारखं खेळतात. म्हणून मी तो फोनवर चढवून शेजारच्या काकांच्या हातात दिला. वेंगुर्ल्याच्या बंदरात त्यांची होडी असते, प्रोग्राम म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नाही. स्क्रीनवर फक्त 'आकडा ओळखा:' एवढंच. "हयसर काय घालूचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. १ ते १०० ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, खेळणाऱ्याला सांगितलेलीच नाही. मग त्यांनी अक्षरांत 'पन्नास' लिहिलं. उत्तर आलं, 'चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' काकांनी समजून घेतलं की पन्नास नाही! वर एक संधीही गेली. नंतर त्यांनी मराठी कीबोर्डवरून '४२' टाकलं आणि ते मात्र बिनबोभाट चाललं, कारण टाइप केलेल्या मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथन ३ मधल्या इंट() ला देवनागरी अंक समजतात.

गोम तुमच्या 'एक्सेप्ट:' (except:) मध्ये आहे, म्हणजे चूक झाली तर काय करायचं ते सांगणाऱ्या ओळीत. पुढे काहीच न लिहिता तो मोकळा सोडलात, त्यामुळे तो सगळंच गिळतो. लॅपटॉपवर मी खेळ थांबवायला कंट्रोल-सी (प्रोग्राम बंद करायची कळ) दाबलं, तर तेही 'चुकलं' आणि एक संधी कमी! तिथे 'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:' (except ValueError:) लिहा, म्हणजे आकडा नसलेलं काही आलं तरच तो पकडेल. आकडा विचारण्याचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. नीट आकडा मिळेपर्यंत ते विचारत राहील, 'अंकांत लिहा, १ ते १००' असं सांगेल, आणि संधीला हात लावणार नाही. १०१ किंवा उणे ५ आलं तरी तिथूनच परत. सध्या तुमचा प्रोग्राम १०१ ला निमूटपणे 'मोठा' म्हणतो.

सात संधी मुद्दाम ठेवल्यात की सहज? कारण दर वेळी उरलेल्यांतला मधला आकडा सांगणारा, म्हणजे आधी ५०, मग २५ किंवा ७५, असा खेळणारा सातांत कधीच हरत नाही. सात प्रश्नांत १२७ आकड्यांपर्यंत निभावतं, सहांत फक्त ६३ पर्यंत. सहा संधी द्या, मग हुशार खेळाडूलाही थोडं नशीब लागेल. आणि हरल्यावर आकडा कोणता होता ते सांगा हो, काका चिडले होते.

'हो' म्हटल्यावर तुमचं खेळ() हे फंक्शन आतूनच स्वतःला पुन्हा बोलावतं. असं एकात एक १००० च्या आसपास वेळा झालं की पायथन हात वर करतं. इतकं कुणी खेळणार नाही, तरी तिथे व्हाइल लूपच (अट खरी असेपर्यंत तेच पुन्हा करणारा भाग) हवा.

बटणं, रंग, क्लास वगैरे विचारलंत, ते आत्ता नको. आधी हे दुरुस्त करा आणि घरातल्या कुणालातरी काही न सांगता खेळायला बसवा. तुम्ही फक्त त्यांची बोटं बघा, मध्ये बोलू नका.